शिटी वाजल्यानंतर



आज आपण खेळाविषयी बोलू या. खेळ ही पोरांची गोष्ट, असे तुम्ही म्हणाल. पण पोरांच्या खेळातून मोठ्यांची भांडणे होतात. म्हणून हे बोलणे मोठ्यांसाठीही आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुस्ती आहे, कबड्डी आहे. काही गावची पोरे फुटबॉलही खेळतात. फुटबॉलला फार काही लागत नाही. एक चेंडू आणि मोकळी जागा पुरे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी एकदा भर पावसात झोपडपट्टीतली मुले पाहिली. ती तुटक्या बादलीला लाथा मारून खेळत होती. खेळात अगदी रमली होती. ते पाहून बारसे सरांनी २००१ साली अशा मुलांसाठी फुटबॉल सुरू केला.

म्हणजे खेळ चांगलाच. पण खेळ संपतो कधी? पंचाने शिटी वाजवली की संपला, असे आपण समजतो. आम्ही म्हणतो, माणसाची खरी पारख शिटी वाजल्यानंतरच होते.

आम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. गावांची नावे सांगत नाही. दोन गावे, मध्ये एक नाला. या गावची लेक त्या गावी दिलेली, त्या गावची या गावी. पेरणीला एकमेकांच्या वावरात इर्जिकीला जाण्याची रीत. एकदा या दोन गावांचा फुटबॉलचा सामना झाला. अगदी शेवटी एक गोल झाला. एका गावाला वाटले, हा गोल खोटा. पंचाने मात्र तो दिला. शिटी वाजली.

इथवर सगळे ठीक होते. पण जिंकलेली पोरे हरलेल्यांच्या तोंडासमोर नाचू लागली. एकाने शिवी दिली. दुसऱ्याने ढकलले. पाहणारी मोठी माणसे मैदानात घुसली. एका पोराचे मनगट मोडले. रात्री मोबाईलवर चिडवाचिडवी झाली. सकाळी माणसे पोलीस ठाण्यात गेली. ठरत आलेली एक सोयरीक मोडली. त्या साली इर्जिकही झाली नाही.

एक म्हातारी माय पारावर येऊन म्हणाली, “गोल गेला तं गेला, बाप्पा! लेकीचं माहेर कायले तोडता?”

कोणाला उत्तर देता आले नाही.

हे आपल्याकडेच होते असे नाही. दूर दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे आंद्रेस एस्कोबार हा नावाजलेला खेळाडू होता. १९९४ साली अमेरिकेत फुटबॉलचा विश्वचषक झाला. २२ जूनला कोलंबियाचा सामना होता. समोरून आलेला चेंडू अडवायला एस्कोबारने पाय घातला. चेंडू पायाला लागून स्वतःच्याच गोलात गेला. कोलंबिया एक विरुद्ध दोन गोलांनी हरला.

एस्कोबार लपून बसला नाही. तो आपल्या गावी, मेदेयीन शहरी, परत आला. २ जुलैच्या पहाटे काही माणसांनी त्याला त्या गोलावरून हिणवले. बाचाबाची झाली. एकाने गोळ्या झाडल्या. एस्कोबार मेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

विचार करा. चूक कोणाच्या हातून होत नाही? पेरताना तिफन वाकडी जाते. हिशेबात आकडा चुकतो. चुकीसाठी माणूस तोडायचा काय?

पुढे त्याच मेदेयीन शहरात एक चांगली गोष्ट घडली. युर्गेन ग्रीसबेक नावाचे एक जर्मन गृहस्थ तेव्हा तिथे राहत होते. भांडखोर वस्त्यांतल्या तरुणांसाठी त्यांनी १९९६ साली फुटबॉलची नवी रीत काढली. मुलगे आणि मुली एकाच संघात खेळत. पंच नसे. त्यातून पुढे तीन भागांचा खेळ तयार झाला. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसतात आणि नियम ठरवतात. दुसऱ्या भागात खेळतात. तिसऱ्या भागात पुन्हा एकत्र बसतात. कोण नियमाने वागला, कोण वागला नाही, हे तोंडावर पण शांतपणे बोलतात. चांगल्या वागण्याचे गुण एकमेकांना देतात. गोलांचे गुण आणि वागण्याचे गुण मिळून जिंकणारा ठरतो. ही रीत पुढे अनेक देशांत गेली.

आणखी एक उदाहरण ऐका. २०१८ साली रशियात विश्वचषक होता. तारीख पुन्हा २ जुलैच. जपानचा संघ बेल्जियमविरुद्ध दोन गोलांनी पुढे होता. तरी शेवटी तीन विरुद्ध दोन असा हरला. हरवणारा गोल तर अगदी अखेरच्या क्षणी झाला. कोणाचेही मन खचले असते. पण जपानी खेळाडूंनी आपली कपडे बदलण्याची खोली झाडूनपुसून लख्ख केली. रशियन भाषेत ‘आभार’ अशी चिठ्ठी तिथे ठेवली. त्यांच्या देशाच्या प्रेक्षकांनी आपल्या जागेवरचा कचरा उचलला. हरूनही ते जगाच्या मनात जिंकले.

मग आपण काय करावे? फार अवघड नाही.

शिटी वाजली की आधी समोरच्या संघाचा हात हातात घ्यावा. मग पंचाचा. पंचही माणूस आहे, त्याचीही नजर चुकते. तक्रार असेल तर ती कप्तानाने करावी, घोळक्याने नव्हे. पडलेल्याला उचलावे, मग तो कोणत्याही गावचा असो. गुलाल उधळायचा तर आपल्या गावात उधळावा. आणि पाहणाऱ्यांनी दोरीच्या आत पाऊल टाकू नये. मोठे शांत राहिले, तर पोरे आपोआप शांत राहतात.

शेवटी लिंबाच्या झाडाखाली दोन्ही संघांनी दहा मिनिटे बसावे. मनात आहे ते तिथेच बोलावे. मनातले घरी नेले, की त्याचे वैर होते.

त्या दोन गावांचे पुढे काय झाले? मोडलेली सोयरीक काही जुळली नाही. मुलीचे लग्न दुसरीकडे झाले. काही गोष्टी परत येत नाहीत. पण दोन वर्षांनी पुन्हा सामना झाला. सामन्यानंतर नाल्याच्या काठी रोडग्यांची पंगत बसली. ज्याचे मनगट मोडले होते, तोच पोरगा वाढायला उभा होता. ज्याने त्याला ढकलले होते, त्याच्या पत्रावळीवर त्याने एक रोडगा जास्तच टाकला.

त्या दिवशी सामना कोण जिंकले, हे आज कोणाला आठवत नाही. पंगत मात्र दोन्ही गावांना आठवते.