एका पाठीची रेघ



बँकेत सह्या पडताळून रेषा वाचायची सवय लागते. कोणती रेघ सहज आली, कोणती भीतभीत, हे कळते. त्याच नजरेने हे चित्र पाहावे. छापील प्रत फिरवतो आहे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी पॅरिसमध्ये राणी मारी आंत्वानेतला गिलोटिनकडे नेले, तेव्हाचे जाक-लुई दाविदचे हे टाक-शाईचे रेखाटन. मूळ चित्र लूव्र संग्रहालयात आहे.

गर्दी नाही. गाडीही जवळजवळ नाहीच. एका बाजूने दिसणारी, बसलेली बाई, एवढेच. टोपीखाली कापलेल्या केसांचे तुटक फराटे, पापण्या खाली, ओठ घट्ट. हात मागे बांधलेले, त्यामुळे सगळी नजर पाठीच्या त्या ताठ रेघेवर जाते.

दाविद क्रांतिपक्षाचा. राजाच्या देहदंडाच्या बाजूने त्याने मत दिले होते. म्हणून हे चित्र निव्वळ टवाळी आहे, असे काही जाणकार म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. ओठ त्याने निष्ठुरपणे काढले, हे कबूल. पण पाठ? ती एका फटकाऱ्यात वाकवता आली असती. त्याने वाकवली नाही.