पोथीची नक्कल आणि घरातली फाइल



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या घरातलं खालचं कपाट पाण्यात होतं. त्यात वडिलांच्या शेतीच्या नोंदवह्या होत्या. पाणी ओसरल्यावर काढल्या तर पानं चिकटलेली, शाई पसरलेली. काही वह्या गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या सावलीत वाळवल्या आणि पानापानाचा फोनवर फोटो घेतला. मग प्रश्न आला, हे फोटो ठेवायचे कुठे?

फोन हरवतो. घरातला कॉम्प्युटर त्याच घरात, म्हणजे पुन्हा त्याच पाण्याच्या वाटेवर. कंपन्यांचं क्लाउड असतं, पुष्कळ लोक ते वापरतात, त्यात वावगं काही नाही. पण या वह्यांत कुणाकडून किती उसने घेतले, कुणाचं रान कुणाकडे गहाण पडलं, हेही लिहिलेलं आहे. ती माणसं नाहीत, त्यांची नातवंडं गावात आहेत. हे कागद परक्याच्या हवाली करायला माझं मन घेईना. म्हणून मी सिंकथिंगकडे वळलो.

स्वीडनमधल्या याकोब बोर्ग यांनी २०१३ मध्ये आणलेली ही मुक्त प्रणाली आहे. तिला पैसे पडत नाहीत आणि तिच्यात मधलं कोठार नाही. माझा फोन, सांगलीतला कॉम्प्युटर आणि पुण्यात धाकट्या भावाकडे असलेला जुना लॅपटॉप, ही तीन यंत्रं एकमेकांशीच बोलतात. एकीकडे फाइल बदलली की उरलेल्या दोघांकडे बदलते. सगळी फाइल पुन्हा जात नाही. तिचे तुकडे पाडलेले असतात, त्यातला बदललेला तुकडा तेवढा जातो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओळख पटवण्याची रीत. प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःसाठी एक गुप्त किल्ली आणि एक प्रमाणपत्र तयार करतं. त्या प्रमाणपत्रावरून गणिताने एक ओळखक्रमांक निघतो, ५६ अक्षरांचा, सात-सात अक्षरांचे आठ गट. त्यातली चार अक्षरं फक्त तपासणीसाठी असतात, म्हणजे उतरवून घेताना चूक झाली तर यंत्र लगेच सांगतं. हा क्रमांक दुसऱ्याला कळला तरी त्याला आत येता येत नाही. मी भावाचा क्रमांक माझ्याकडे नोंदवायचा, भावाने माझा त्याच्याकडे. दोन्हीकडून होकार आल्याशिवाय जोडणी होत नाही. त्यानंतर कुठलं फोल्डर कुणाला दाखवायचं, तेही वेगवेगळं ठरवावं लागतं. आम्ही दोघांनी हे फोनवर बोलत बोलत केलं. त्यात एक संध्याकाळ गेली, पण आपण काय करतोय ते दोघांनाही नीट कळलं.

यंत्रं एकाच वायफायवर असली की फाइली घरातल्या घरात जातात. लांब असली तर आधी एकमेकांचा पत्ता शोधतात, आणि थेट वाट मिळाली नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरमार्फत जातात. त्या रिलेला किती मजकूर गेला ते दिसतं, काय गेलं ते वाचता येत नाही. एक अडचण मात्र आहे. पाठवणारा आणि घेणारा एकाच वेळी जागे हवेत. पुण्याचा लॅपटॉप आम्ही कधी बंद करत नाही तो याचसाठी. अँड्रॉइडचं मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस थांबलं. मी त्याचीच स्वयंसेवकांनी पुढे चालवलेली आवृत्ती वापरतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होईल. फोनची जागा भरली म्हणून मी वह्यांचे जुने फोटो त्यावरून काढून टाकले. मनात धरून चाललो होतो की बाकी दोन ठिकाणी ते आहेतच. संध्याकाळी पाहतो तर दोन्हीकडून गेलेले. प्रणालीचं काही चुकलं नव्हतं. तिन्ही ठिकाणी सारखं ठेव, असं मीच तिला सांगितलं होतं, आणि खोडणं हाही बदलच आहे. फोटो परत मिळाले ते भावामुळे. त्याने लॅपटॉपवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू केली होती. दुसरीकडून आलेल्या बदलाने फाइल पुसली जाणार असेल, तर तिची प्रत तिथे बाजूला एका फोल्डरमध्ये जाते. यातला एक प्रकार फार विचारपूर्वक केलेला आहे: पहिल्या दिवसातली तासातासाची प्रत, पहिल्या महिन्यातली रोजची, पुढे आठवड्याची. पण ध्यानात घ्या, ही राखण फक्त बाहेरून आलेल्या बदलांना आहे. त्याच यंत्रावर आपण स्वतःच्या हाताने खोडलेलं तिथे राहत नाही. म्हणून दर पाडव्याला मी सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क काढून ठेवतो.

फोटोंसोबत आम्ही वह्यांतला मजकूर टाइपही करतो आहोत, दोघंही, सवड मिळेल तसा. इथे जुनी गोष्ट नव्याने भेटते. पोथ्या टिकल्या त्या नकलांमुळे, आणि नकलांमुळेच पाठभेद आले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणाने. आमच्याकडेही एकच फाइल दोघांनी एकाच सुमारास बदलली, तर सिंकथिंग दोन्ही प्रती ठेवतं. जिच्यातला बदल आधीचा, तिच्या नावात तारीख, वेळ आणि बदल कुठल्या यंत्रावर झाला त्याची खूण घालतं, आणि तीही सगळ्यांकडे पोचवतं. कुठला पाठ खरा, ते ठरवायला माणूस लागतो.

परवा असंच झालं. १९७२ च्या दुष्काळातल्या सुगीची नोंद होती. मी टाइप केलं, ‘शाळू ९ पो.’, म्हणजे नऊ पोती. भावाने त्याच दिवशी पुण्याहून केलं, ‘शाळू १ पो.’ सकाळी दोन फाइली समोर. वडिलांचा एक आणि नऊ तसेही सारखेच, त्यातून तिथे पाण्याचा डाग. त्या साली घरात काय होतं, आई काय शिजवत होती, हे सगळं त्या एका अंकावर. आम्ही दोघं फोटो मोठा करून करून तासभर फोनवर बोलत होतो. भाऊ म्हणतो, एकच. त्याला आठवतं की मामांकडून धान्य आलं होतं. मला अजून नऊ दिसतो. दोन्ही फाइली आम्ही तशाच ठेवल्या आहेत.