काळ्या वाळूपासून टायटॅनियमपर्यंत



शिरूर येथे घोड नदीच्या किंवा दौंड येथे भीमेच्या पात्रातील कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरविला, तर त्यास बारीक काळे कण चिकटतात. त्यांत लोहाबरोबर टायटॅनियम हा मौल्यवान धातूही असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात टायटॅनियम ऑक्साइडचे प्रमाण साधारणतः 2 ते 3 टक्के असते. खडक झिजला की ते माती व वाळूत उतरते. सह्याद्रीच्या पश्चिमेस सागराच्या लाटांनी हलके कण वाहून नेले, जड कण मागे ठेवले आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या खनिजाचे साठे निर्माण झाले.

मग आपल्या नद्यांतूनही हे धन का काढू नये, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर भट्टीत मिळते.

लोहखनिज कोळशाबरोबर तापविले की कार्बन त्यातील प्राणवायू ओढून घेतो व लोखंड मोकळे होते. टायटॅनियमचे तसे नाही. प्राणवायूची संगत सुटताच तो कार्बनशी संयोग पावतो आणि धातूऐवजी ठिसूळ कार्बाइड हाती येते. म्हणून कार्बनच्या जोडीला क्लोरीन वायू घ्यावा लागतो. लोहाचा अंश कमी केलेले खनिज व कोक सुमारे 900 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानात ठेवून त्यातून क्लोरीन सोडतात. कार्बन प्राणवायू घेतो, क्लोरीन टायटॅनियम घेतो. निघालेली वाफ थंड केली की 136 अंशांस उकळणारा द्रव मिळतो व तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो.

हा द्रव तप्त प्राणवायूशी संयोग पावला की रंग, कागद व प्लास्टिक यांस लागणारी शुभ्र भुकटी तयार होते. सुटलेला क्लोरीन पुन्हा भट्टीकडे वळवितात. धातू हवा असल्यास अरगॉन वायूच्या आवरणात मॅग्नेशियमशी त्याची क्रिया घडवितात. विल्यम क्रोल यांनी विकसित केलेल्या या पद्धतीने केरळातील चवरा येथे 2011 मध्ये देशातील पहिला टायटॅनियम स्पंज कारखाना उभा राहिला. त्यासाठी हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान उपयोगी पडले.

एवढा खटाटोप भरपूर व समृद्ध खनिज असेल तरच परवडतो. भीमा व घोडच्या वाळूतील अल्प अंशासाठी तो परवडणारा नाही. ती वाळू पात्रातच राहिली, तर पाणी मुरते व काठच्या विहिरींना आधार मिळतो. तिचे खरे मोल तेच आहे.

या दोन तालुक्यांचे दुसरे धन म्हणजे कुरकुंभ व रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींची वाट धरणारे तरुण. वायूंचे गुणधर्म त्यांना तोंडपाठ हवेत. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो व सखल जागी साचतो. गळती झाल्यास वाऱ्याच्या दिशेला आडवे होऊन उंच जागी जावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. त्याची चाहूल केवळ मापकच देतो. मापक बंद असताना काम सुरू करणे म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठाने चालणे होय.

वाळूत खनिज निसर्ग घालतो. त्याचा धातू माणसाचे ज्ञान व शिस्त करते. ते ज्ञान शिरूर-दौंडच्या घराघरांत पोहोचो!