खोगीर चढवण्यापूर्वी



शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात घोड्याचा विषय निघावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु तरुण घोड्याला खोगिराची सवय कशी लावतात, हे पाहिले म्हणजे अध्यापनाचे मर्म ध्यानी येते.

सुरतकरांना हा विषय परका नाही. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांचे घोडदळ या नगरात आले होते. आपल्याच तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो.

घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य. पाठीवर अवचित पडलेले ओझे त्याला झडप घालणाऱ्या श्वापदासारखे वाटते. म्हणून जाणता माणूस पहिल्या दिवशी खोगीर आणतच नाही. तो मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून हात आणि खरारा फिरवतो. मग घडी केलेले कापड घोड्याला हुंगू देतो, पाठीवर ठेवतो आणि घोडा शांत राहताच काढून घेतो. हे काढून घेणे फार महत्त्वाचे. शांत राहिल्यास ओझे उतरते, हा घोड्याचा पहिला धडा. पुढे रिकिबी नसलेले हलके खोगीर येते. तंग एकदम न आवळता थोडा थोडा ओढला जातो. खोगिरासह चालणे अंगवळणी पडल्यावर, सर्वांत शेवटी, स्वार. त्याचाही भार बेताचाच. कारण घोड्याच्या कण्याची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते.

आपल्या भाषेने मात्र येथे थोडा अन्याय केला आहे. घोडा शिकवणाऱ्याला तिने ‘चाबुकस्वार’ म्हटले. चाबूक नावात राहिला, हात विसरला गेला. निरुपयोगी भरताडाला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. वास्तविक खोगिरातील ती भरतीच घोड्याची पाठ सोलवटण्यापासून वाचवते. स्वाराला ती दिसत नाही, एवढेच.

मार खाल्लेला घोडाही स्थिर उभा राहतो. पण त्याचे कान, ताठरलेले अंग आणि कोंडलेला श्वास पाहावा. ती भीती असते, स्वीकार नव्हे. आणि अशी भीती एखाद्या दिवशी स्वारासकट उधळते. वर्गातील शांततेचेही असेच नाही काय?

आज या शहरातील कित्येक मराठी मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी ऐकतात. तीन भाषांचे सामर्थ्य त्यांच्यात निश्चित आहे. परंतु पहिलीच्या पाठीवर तिन्हींचे तंग एकाच सकाळी आवळले, तर मूल गप्प होते आणि आपण त्याला शिस्त समजतो. गोष्ट, गाणे, घरच्या बोलीतली विचारपूस, ही ‘खोगीरभरती’ म्हणून अभ्यासक्रमातून प्रथम वगळली जाते. ती वगळू नये, एवढीच या शाळेतील शिक्षकांना माझी विनंती आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाला याहून वेगळी आदरांजली मला सुचत नाही.