साहेबांसमोर पाच मिनिटं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, "प्रकल्प प्रस्तावाचे तोंडी सादरीकरण". नाव मोठं आहे, पण गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. कागद भरून झाला, कोटेशन लावलं, ठराव जोडला, फाइल जमा झाली. आता बँकेच्या मॅनेजरसमोर किंवा जिल्ह्याच्या समितीसमोर बसायचं आणि तोंडाने सांगायचं, की आम्हाला हा धंदा करायचा आहे, एवढे पैसे लागतात आणि ते आम्ही असे फेडू. त्याला पाच मिनिटं मिळतात. साहेबांना मीटिंग असली तर तीनच.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. दोन वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातल्या एका गटाचा मिनी दाल मिलचा प्रस्ताव होता. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी दाल मिल तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल, तीच. मी नुकतीच एमएसडब्ल्यू होऊन कामाला लागले होते. लॅपटॉपवर अठरा स्लाइड केल्या. "महिला सक्षमीकरण", "मूल्यवर्धन", "शाश्वत उपजीविका", सगळं त्यात होतं. अध्यक्ष आणि सचिव ताई माझ्या बाजूला नवी साडी नेसून बसल्या होत्या. बोलत मी होते.

चौथ्या स्लाइडवर साहेबांनी हात वर केला आणि अध्यक्ष ताईंना विचारलं, "रोज किती तूर भरडाल?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. मग त्यांनी बँकेचा उतारा पुढे सरकवला. "मागच्या कर्जाचे दोन हप्ते उशिरा गेलेत. ते काहून?" हे मी अठरा स्लाइडमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. मुद्दामच लिहिलं नव्हतं, खरं सांगते. कोणीच बोललं नाही. फाइल परत आली.

येताना एसटीत अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, तूर आमी पिकवतो, दाय आमी करतो, हप्ता आमी भरतो, अन् सांगाले तुमी. मंग साहेबाले आमचा भरोसा कसा येईन?"

त्या वाक्याने मला माझं काम समजलं. तेव्हापासून मी समितीसमोर तोंड उघडत नाही. माझं काम बाहेरच्या बाकड्यावर बसायचं.

दुसऱ्या वेळेची तयारी आम्ही समाज मंदिराच्या ओसरीवर केली. पहिल्या दिवशी तिन्ही ताया म्हणाल्या, आमची बोली ऐकून हसतील. आम्ही "डाळ" म्हणत नाही, "दाय" म्हणतो. मी त्यांना गाडगेबाबांची आठवण दिली. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस. शाळेत गेलेला नाही. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा, तेही वऱ्हाडी बोलीत. मुंबईतसुद्धा कीर्तन केलं तरी बोली बदलली नाही. आणि त्यांची रीत कशी होती? स्वतःच बोलत राहायचे नाहीत. समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. समोरचा माणूस आपल्या बोलण्यात सामील झाला की अर्धं काम होतं. (कर्ज काढू नका, असंही बाबा सांगायचे, हे मला माहीत आहे. त्यावर येतेच.)

मग आम्ही काय केलं, तर पहिलं सादरीकरण सचिव ताईंच्या सासूबाईंसमोर केलं. त्यांना गट, योजना, अनुदान यातलं काही माहीत नाही. त्यांनी एकच विचारलं, "मिरगापासून मशीन काय करीन? उपाशी बसन काय?" इतका चांगला प्रश्न मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता. कारण तूर निघते, वाळते, आणि लोक वर्षाची दाळ करून घेतात ती उन्हाळ्यात. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून आम्ही हिशोबाला बसलो. तो इथे सांगते, कारण सादरीकरणाचा जीव यातच आहे. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

प्रकल्प 4,00,000 रुपयांचा धरा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत 35 टक्के अनुदान आहे, म्हणजे 1,40,000. स्वतःचे निदान 10 टक्के, म्हणजे 40,000. बँकेचं कर्ज 3,60,000. इथेच पुष्कळ गट फसतात. त्यांना वाटतं अनुदान हातात येईल. तसं नाही. ते बँकेतच कर्जाच्या नावावर बाजूला राहतं, आणि तीन वर्षं कर्ज नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. म्हणून हप्त्याचा हिशोब पूर्ण 3,60,000 वर करायचा. पाच वर्षं आणि 11 टक्के व्याज धरलं तर महिन्याला सुमारे 7,800 रुपये. वर्षाचे 93,600.

आता कमाई. दिवसाला पाच क्विंटल तूर, किलोमागे सहा रुपये मजुरी, म्हणजे 3,000 रुपये. दोन बायांची रोजी 800, लाइट 400, तेलपाणी-दुरुस्ती 200. उरले 1,600. हंगामाचे 80 दिवस धरले तर 1,28,000. चार महिन्यांचे हप्ते 31,200 भरले. उरलेल्या आठ महिन्यांचे 62,400 वेगळ्या खात्यात टाकले. हाती राहिले 34,400. छान वाटतं ना?

पण मग कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, "पाचच्या जागी तीनच क्विंटल आली तं?" गावात दुसरी मिल निघाली, तूर वांझ गेली, काहीही होऊ शकतं. तीन क्विंटलचे 1,800 होतात. रोजी तेवढीच, लाइट 240, दुरुस्ती 200. उरतात 560. ऐंशी दिवसांचे 44,800. हप्त्याला अर्धेसुद्धा नाहीत. ओसरीवर सगळ्या गप्प झाल्या. एक ताई म्हणाल्या, "मंग घरचं सोनं गहाण ठेवा लागीन."

आणि इथे मला गाडगेबाबांचं बोलणं पटतं. वाईट वर्षाचा हिशोब न करता काढलेलं कर्ज काढूच नये. गावात आधीच मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते भरून बाया मेटाकुटीला आल्या आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दिवशी प्रस्ताव बदलला. दाल मिलसोबत मिरची-हळदीची छोटी चक्की घेतली आणि शेड बांधायचा खर्च काढून टाकला, कारण एका ताईंचा रिकामा गोठा होता. एकूण रक्कम तेवढीच राहिली, पण मशीन पावसाळ्यात उपाशी बसत नाही. शिवाय आजूबाजूच्या तीन गावांत घरोघरी जाऊन विचारलं, वर्षाची किती दाळ करता, कुठे करता, काय देता. ती वही सोबत नेली.

सादरीकरणाच्या दिवशी तिघी बोलल्या. अध्यक्ष ताईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, की आम्ही अमुक गावच्या, दहा जणी, नऊ वर्षांपासून बचत करतो, मिनी दाल मिल आणि चक्कीसाठी 3,60,000 कर्ज पाहिजे. आधी मागणी, मग कहाणी. आपल्याकडे उलटं होतं. आधी सगळ्यांचे आभार, मग गटाचा इतिहास, आणि रक्कम सांगायच्या वेळेला साहेब घड्याळ पाहतात.

दुसरं, त्यांनी विचारायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "साहेब, आमचे दोन हप्ते उशिरा गेले. लॉकडाऊनमधी बाजार बंद होता. तिसऱ्या महिन्यात दोन्ही भरले. हा पाहा पासबुक." विषय तिथेच संपला. लपवलेली गोष्ट उताऱ्यावर असतेच, ताईंनो. ती आपण सांगितली तर कारण ठरते आणि त्यांनी काढली तर आरोप होतो.

काकूंनी दोन पुड्या टेबलावर सोडल्या. एकीत बाजारातली पॉलिशची दाळ, दुसरीत विद्यापीठात मशीन पाहायला गेलो तेव्हा भरडून आणलेली आपली. "साहेब, सांगा बरं, कोणती कोणती?" साहेबांनी चिमटीत घेऊन पाहिली. मग पंधरा मिनिटं बोलणं चाललं. पाच मिनिटांची वेळ कोणी पाहिली नाही.

वाईट वर्षाचा हिशोब सचिव ताईंनी कागद न पाहता सांगितला. एका ठिकाणी आकडा चुकला, त्यांनी "थांबा साहेब, चुकलं" म्हणून वही उघडली आणि दुरुस्त केला. त्याने काही बिघडलं नाही. पाठ केलेलं बोलणं मधेच तुटलं की बाई घाबरते. हिशोब स्वतः केलेला असेल तर कुठूनही पुन्हा सुरू करता येतो.

तारणाचा प्रश्न येऊ शकतो, त्याचीही तयारी ठेवा. बचत गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे भांडून नाही, शांतपणे सांगायचं. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "विचारून दोन दिवसात सांगतो" म्हणा आणि खरंच दोन दिवसात जा.

एका ताईंचे घरधनी सोबत यायचं म्हणत होते, "मी बोलतो, तुमाले समजत नाई." त्यांना आणलं आम्ही. गाडी चालवायला. आत तिघीच गेल्या.

समितीने शिफारस केली आहे. फाइल आता बँकेत आहे, शाखेने चक्कीचं आणखी एक कोटेशन मागितलं, ते मागच्या सोमवारी दिलं. मंजुरी अजून आलेली नाही. आली की सांगेनच.

ज्या गटांचे प्रस्ताव तयार आहेत त्यांनी येत्या गुरुवारी अकरा वाजता प्रभागसंघाच्या कार्यालयात यावं. पासबुक, इतिवृत्त आणि हिशोबाची वही आणा. साहेबांच्या खुर्चीवर यावेळी सचिव ताईंच्या सासूबाई बसणार आहेत.