कारखान्याची राख आणि गोठ्याचा खांब



कांद्याचे चार पैसे हाती आले, की आपल्या खेड तालुक्यात गोठ्याचे काम निघते. त्याच सुमारास एखादी ट्रॉली दारात येऊन उभी राहते. ‘फौंड्रीची वाळू आहे, निम्म्या भावात टाकतो,’ म्हणतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने आहेत, तेव्हा असा माल दारात येणारच. तो घ्यावा का, एवढेच आज सांगायचे आहे.

मी नवीन रुजू झालो तेव्हा एका शेतकऱ्याने मला हेच विचारले होते. मी शेतीचा पदवीधर, बांधकामाचा नव्हे. तरीही ‘वाळू ती वाळूच’ म्हणून मोकळा झालो. चौथ्या पावसाळ्यात त्यांच्या गोठ्याच्या खांबांना उभ्या चिरा पडल्या. ढलपी काढून पाहिली, तर आतली सळई गंजून फुगलेली. दोन खांब पाडून नव्याने उभे करावे लागले. सल्ला माझा होता, पैसे मात्र त्यांचे गेले.

असे का झाले? ओतकामाच्या साच्यातून निघालेल्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. कधी रेझिनही असते. ती वाळू फार बारीक, म्हणून कालवताना पाणी जास्त लागते. जास्तीचे पाणी सुकले की काँक्रीटमध्ये छिद्रे राहतात. गोठ्यातली ओल आणि मूत्र त्यातून सळईपर्यंत पोचते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खांब आतून फुटतो. ही वाळू तपासून, प्रमाणात, इंजिनिअरच्या देखरेखीखाली वापरता येते. पण ट्रॉलीतल्या ढिगाला तपासणीचा दाखला नसतो. विहिरीजवळ तर तो ढीग मुळीच टाकू देऊ नका.

मग कारखान्याचे सगळेच टाकाऊ वाईट का? तसे नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. चुन्यात भाजक्या विटांची सुरखी घालून घाणीत मळत, आणि तो गारा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख तेच काम करते. सिमेंट घट्ट होताना चुना मोकळा होतो. राख त्याला धरून नवे चिकट द्रव्य तयार करते आणि छिद्रे बुजवते. पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, पाण्याने एकदम थंड करून दळली की तीही अशीच उपयोगी पडते.

ही राख आणि मळी तुम्हाला वेगळी शोधायची नाही. ती मोजून, तपासून सिमेंटच्या पोत्यातच येते. ‘पीपीसी’ सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. ‘पीएससी’मध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असतो. खारट ओलाव्यापुढे स्लॅगचे सिमेंट चांगले टिकते, म्हणून गोठ्याला आणि शेणखताच्या खड्ड्याला ते विशेष चांगले.

आता कामाच्या गोष्टी नीट लक्षात ठेवा.

१. पोत्यावर आय.एस.आय. खूण, सिमेंटचा प्रकार आणि तयार झाल्याचा आठवडा पाहा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नका.

२. खांबासाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी घ्या. एका पोत्याला पाणी २७ लिटरपेक्षा जास्त नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी करा. ‘जरा पातळ करू’ असे गवंडी म्हणाला, तरी ऐकू नका.

३. खांबाच्या सळईवर सर्व बाजूंनी ४० मिलिमीटर काँक्रीट असले पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे बांधा; दगडाचे तुकडे सरकवू नका.

४. ही सिमेंटे सुरुवातीला सावकाश ताकद धरतात. किमान १० दिवस आणि उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारा. खांबाला ओले गोणपाट गुंडाळा. फळ्या काढण्याची घाई करू नका.

५. पाडलेल्या जुन्या स्लॅबचा स्वच्छ चुरा गोठ्याच्या जमिनीखाली भरावाला खुशाल वापरा; खांबात नको.

६. स्लॅब आणि पाण्याचा हौद यांचा आराखडा इंजिनिअरकडूनच करून घ्या. हौदाला वरचे प्रमाण चालत नाही.

बंधूंनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो. सुटे, बिनखुणेचे बी पेरत नाही. बांधकामालाही तोच नियम लावा. राख पोत्यातून आली तर खांबाला बळ देते. ट्रॉलीतल्या वाळूत वाचलेले पैसे चार पावसाळ्यांत दुपटीने जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.