‘मॉर्टर’ : खल, चुना आणि तोफ

इंग्रजींत ‘मॉर्टर’ हा एकच शब्द तीन वस्तूंना लावतात : वैद्याघरचा खल, गवंड्यानें कालवलेला चुना आणि लष्करांतील एक आखूड तोफ. औषध, भिंत आणि तोफ यांचें नातें काय, असें श्रोत्यांस सहज वाटेल. तें नातें एका भांड्याचें आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘मॉर्टेरियम’. त्याचा अर्थ कुटण्याघोटण्याचें भांडें. आणि त्यांत जें घोटलें जाई त्यासहि तेंच नांव पडलें. रोमन गवंडी ज्या पात्रांत चुना मळीत त्यालाहि हाच शब्द होता. तेथून तो भिंतीच्या सांध्यांत जाऊन बसला.

तोफेचें नांव पुष्कळ नंतरचें. तिची नळी खलासारखी आखूड व रुंद आणि तोंड आकाशाकडे; गोळा तटावरून उडून आंत पडावा हा हेतु. मराठींतहि ती ‘उखळी तोफ’च झाली, आणि अरबींत तिला ‘हावन’, म्हणजे खलच, म्हणतात. पुढें १९१५ सालीं विल्फ्रेड स्टोक्स यानें खंदकांतील लढाईसाठीं जी तोफ रचली ती निव्वळ एक लांब, अरुंद नळी होती. उखळाचा आकार गेला, नांव तेवढें राहिलें.

चुन्याच्या बाबतींत मात्र मराठीची वाट वेगळी. येथें चुना उखळांत नव्हे, घाणींत तयार होई. वाटोळा दगडी चर आणि त्यांत बैलांनीं फिरवावयाचें दगडी चाक, अशा घाणी कित्येक किल्ल्यांवर अजून दिसतात. त्यामुळें भांड्याचें नांव मालाला चिकटलें नाहीं. चुना हा चुनाच राहिला.

म्हणून भाषांतरकारास येथें जपावें लागतें. १८१८ सालच्या वेढ्यांच्या इंग्रजी वृत्तांतांत ‘मॉर्टर’ म्हणजे बहुधा तोफ. त्याच किल्ल्यांच्या तटांविषयीं लिहितांना तो चुना. त्या जागीं सवयीनें ‘सिमेंट’ लिहिणें हें कालगणनेसहि धरून नाहीं, कारण पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन यास मिळालें तें १८२४ सालीं. आणि असलें भाषांतर प्रमाण मानून कोणी जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटनें भरले, तर नुकसान कागदावर थांबत नाहीं. सिमेंट कठीण, तें ओल सहजासहजीं बाहेर पडूं देत नाहीं. ती दगडांतच मुरते, आणि दगड मऊ असेल तर त्याचेच पापुद्रे सुटूं लागतात. चुन्याच्या सांध्यांतून ओल निघून जाते. झिजतो तो सांधा, आणि तो पुन्हां भरतां येतो.